वाटाण्याएवढं जेल, बारा आठवडे

डॉक्टरांनी दिलेली मुरुमांची चिठ्ठी लांबूनच ओळखू येते. वर एक फेसवॉश, त्याखाली सकाळचं एक जेल, त्याखाली रात्रीचं दुसरं, आणि पुळ्या पिकलेल्या असल्या तर गोळ्यांची एक ओळ. जेलपुढं ‘एल/ए’ लिहिलेलं असतं, म्हणजे वरून लावायचं. रात्रीच्या जेलपुढं ‘एच.एस.’, म्हणजे झोपताना. बेळगावात औषधाच्या काउंटरवर ही चिठ्ठी पुढं करणारं पोर घरात मराठी बोलतं, बाहेर कन्नड बोलतं, आणि चिठ्ठी नि ट्यूब दोन्हींवर इंग्रजी. मुरुमाला ते पुळी म्हणेल, मोडवे म्हणेल, नाहीतर सरळ पिंपल. नाव कुठलंही चालतं. ‘एच.एस.’ कळलं नाही तर मात्र रात्रीचं जेल सकाळी लागतं, त्यावर दिवसभराचं ऊन पडतं, आणि चौथ्या दिवशी तोंड सोलून माणूस परत येतो.

पुढचं सगळं त्या काउंटरवरून लिहिलेलं आहे. औषध डॉक्टरांनी ठरवायचं. ते तोंडावर प्रत्यक्षात कसं लागतं, कुठं चुकतं आणि बारा आठवड्यांत काय काय दिसतं, ते आम्ही बघतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: उपचार फसतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या मधे. औषध बरोबर असतं, माणूस ते सोडून देतो.

चिठ्ठी यायच्या आधी दोन-तीन महिने घरचं काहीतरी चाललेलं असतंच. म्हणून ट्यूब काढण्याआधी विचारायचं, “आतापर्यंत काय लावलंस?” पहिलं उत्तर ठरलेलं: “काही नाही.” दुसऱ्यांदा विचारलं की टूथपेस्ट, लिंबू, मुलतानी माती बाहेर येते. तिसऱ्यांदा विचारलं की, “मावशीनं एक क्रीम दिलेली, त्यानं लगेच गेल्या होत्या.” या तिसऱ्या उत्तरासाठीच थांबायचं असतं.

टूथपेस्टनं पुळी सुकल्यासारखी वाटते, कारण भोवतीची कातडी भाजते. लिंबू लावून उन्हात गेलं की तिथं काळा डाग पडतो, आणि तो पुळीपेक्षा जास्त दिवस राहतो. हळदीनं फारसं बिघडत नाही, फारसं सुधारतही नाही. मावशीची क्रीम मात्र बहुधा स्टेरॉइडची असते: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीतरी, कधी गोरं करणाऱ्या हायड्रोक्विनोनसोबत. आठवड्यात चेहरा गुळगुळीत होतो, उजळ दिसतो, म्हणून घरातले सगळेच ती वापरू लागतात. दोन-तीन महिन्यांनी एकाच मापाच्या लालसर बारीक पुळ्या उगवतात, कातडी पातळ होते, गालावर रक्तवाहिन्यांच्या तारा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते, गालावर लव वाढते. क्रीम थांबवली की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. या चक्रात अडकलेल्याला नुसतं मुरुमांचं जेल देऊन भागत नाही. डॉक्टरांना क्रीमचं नाव दाखवायला हवं, रिकामी ट्यूब असली तरी घेऊन जायला हवी. क्रीम कशी थांबवायची हे ते ठरवतील, आणि सुटताना पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी ती क्रीम कपाटातून परत निघते.

आता मुरूम येतो कशानं? केसाच्या प्रत्येक मुळाला तेलाची एक ग्रंथी चिकटलेली असते. वयात येताना ॲन्ड्रोजन नावाची संप्रेरकं (हार्मोन) वाढतात. ती मुलांत आणि मुलींत दोघांतही असतात. त्यांनी ग्रंथी मोठी होते आणि तेल जास्त सुटतं. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी नेहमीसारख्या सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत साठलेल्या तेलावर क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू वाढतो. तो सगळ्यांच्याच कातडीवर असतो, बाहेरून लागत नाही. मग शरीर त्यावर सूज धरतं. तेल, बूच, जंतू, सूज या चार गोष्टी लक्षात ठेवल्या तर चिठ्ठीतली प्रत्येक ओळ कुणासाठी आहे ते कळतं.

बुचाचं तोंड उघडं राहिलं की काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नाही. तो कातडीतल्या रंगद्रव्याचा आहे, हवा लागून आणखी गडद झालेला. साबणानं घासून तो जात नाही आणि घासणाऱ्याचा राग मात्र वाढत जातो. तोंड बंद राहिलं की कातडीच्या रंगाचा किंवा पांढरट दाणा. सूज आली की लाल पुळी, पू झाला की पिवळी, आणि खोलवर पसरलं की दुखणारी गाठ. गाठ हा वेगळा मामला आहे, कारण तिथं खड्डा राहतो.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट यापुढं. डोळ्यांना न दिसणारं पहिलं बारीक बूच तयार झाल्यापासून पुळी वर दिसेपर्यंत साधारण आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज आरशात दिसणारी पुळी दोन महिन्यांपूर्वीची. रात्रीचं जेल काम करतं ते दोन महिन्यांनी येणाऱ्या पुळ्यांवर. डॉक्टर ‘तीन महिन्यांनी बघू’ म्हणतात ते याच हिशेबानं. “आठ दिवस लावलं, काही फरक नाही,” असं म्हणत येणाऱ्याला आम्ही हेच सांगतो. पटतं असं नाही.

खाण्यावरून घराघरात वाद असतात. आई म्हणते तिखट बंद कर. संकेश्वरी मिरचीनं मुरुमं येतात याला आधार नाही, ती बिचारी निर्दोष आहे. गोड, मैदा, पटकन साखर वाढवणारे पदार्थ यांचा मात्र मुरुमांशी संबंध दिसतो: साखर झपाट्यानं वाढली की इन्सुलिन वाढतं, त्यासोबत आयजीएफ-वन नावाचं आणखी एक संप्रेरक, आणि त्यानं तेलग्रंथी आणखी पेटते. दुधाचंही, विशेषतः साय काढलेल्या दुधाचं, नाव अभ्यासांत येतं, पण तो संबंध इतका घट्ट नाही. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर. बेळगावात राहून कुणाला कुंदा सोड म्हणायचं धाडस आम्ही करत नाही. रोज मिठाईचा डबा उघडायची सवय असेल तर ती महिनाभर मोडून बघा, एवढंच. खाणं बदलून मध्यम ते जोरात आलेली मुरुमं जात नाहीत. पोट साफ नाही म्हणून येतात, हेही खरं नाही, आणि रक्त शुद्ध करणाऱ्या बाटल्यांवर आमचं दुकान चालतं तरी तेच सांगतो.

केसाचं तेल ही दुसरी गोष्ट. रात्री डोक्याला चपचपीत खोबरेल लावून झोपलं की ते कपाळावर उतरतं, उशीवरून गालावर जातं. कपाळावर केसांच्या कडेनं बारीक दाणे रांगेत असतील तर आधी तेलाचा विचार करायचा. तेल सोडायला नको; धुण्याच्या आधी तासभर लावा, धुऊन टाका, त्या तेलकट उशीचा अभ्रा बदला.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर किंवा ग्राइंडिंगवर उभं राहणाऱ्यांचा प्रकार वेगळाच. त्यांच्या पुळ्या चेहऱ्यापेक्षा कोपरापासून मनगटापर्यंत आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला जास्त, म्हणजे कटिंग ऑइलचे शिंतोडे जिथं बसतात आणि तेलानं भिजलेली पँट जिथं घासते तिथं. तोंडाचं जेल हाताला लावून हे थांबत नाही. शिफ्ट संपताच साबणानं हात धुणं, तेलाचे कपडे रोज बदलणं, तेल पुसायचं फडकं खिशात न ठेवणं, हाच पहिला उपचार. रॉकेलनं हात धुतले की कातडी आणखी बिघडते.

आणि जिम. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच असल्यामुळं भरतीची तयारी करणारी पोरं आसपासच्या गावांतून कायम दिसतात. छातीवर, पाठीवर, खांद्यांवर एकाएकी जोरात मुरुमं आलेली, गाठी असलेली. प्रोटीन पावडर घेतोस का हे विचारलं की लगेच हो म्हणतात. इंजेक्शन घेतोस का हे विचारलं की गप्प होतात. व्हे प्रोटीननं मुरुमं वाढल्याची उदाहरणं आहेत. ॲनाबोलिक स्टेरॉइडच्या, म्हणजे स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शननं तर अगदी वाईट प्रकारची येतात. ते चालू ठेवून चिठ्ठीतलं काहीही पुरं पडत नाही. डॉक्टरांपुढं हे लपवलं तर महिने वाया जातात.

आता पहिली रात्र. चिठ्ठीत रात्रीचं जेल बहुतेक वेळा ॲडापलीन 0.1 टक्के किंवा ट्रेटिनॉइन 0.025 टक्के असतं. दोन्ही रेटिनॉइड, म्हणजे बूच बसू न देणारी औषधं. चेहरा सौम्य फेसवॉशनं धुवायचा, अर्धा मिनिट बोटांनी, घासणी न वापरता. टॉवेलनं टिपायचं. मग वीस ते तीस मिनिटं थांबायचं, चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या कातडीत औषध जास्त शिरतं आणि जास्त जळतं. जेवण, भांडी, मोबाइल, जे काय असेल ते या अर्ध्या तासात. नंतर वाटाण्याएवढं जेल बोटाच्या टोकावर घ्यायचं, सगळ्या चेहऱ्याला मिळून एवढंच. कपाळ, नाक, दोन गाल, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचे. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे सोडायचे. त्या खाचांत जेल साठतं आणि तिथंच आधी भेगा पडतात.

सर्वात मोठी चूक म्हणजे पुळी दिसते तिथंच ठिपका लावणं. वरच्या हिशेबानं बघा: दोन महिन्यांनी येणारी पुळी कुठं आहे ते आज दिसत नाही, म्हणून जिथं मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर हवा. दुसरी चूक उलट दिशेची, जास्त लावलं की लवकर जाईल असं वाटणं. आम्ही हे ट्यूबवरून ओळखतो. पंधरा ग्रॅमची ट्यूब वाटाण्याच्या मापानं रोज लावली तरी निदान महिनाभर, बहुतेकांना दीड-दोन महिने पुरते. पंधरा दिवसांत दुसरी मागायला आला तर लावणं जास्त होतंय. सहा महिन्यांनी पहिलीच अर्धी असेल तर लागतच नाही.

पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र. कातडी नाजूक असेल तर आठवड्यातून दोनच रात्री. जेल जिरल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बिनतेलकट मॉइश्चरायझर. फारच जळत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. “आधीच तोंड तेलकट, त्यावर आणखी क्रीम कशाला?” हा प्रश्न रोज येतो. तेलग्रंथीचं तेल आणि कातडीतला ओलावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि रेटिनॉइड आधी ओलावा काढून घेतं. डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे बूच न बसवणारं, असं लिहिलेलं बघून घ्यायचं.

इथं हवेचा विचार करावा लागतो. खानापूरकडच्या माणसाला जुलैच्या पावसात जे जेल रोज रात्री सोसतं, तेच अथणी-रायबागकडच्या माणसाला डिसेंबरात तिसऱ्या रात्री तोंड तडतडवतं. कोरड्या थंडीत सुरुवात करणाऱ्यांनी चाल हळू ठेवावी. पावसाळ्यातली अडचण दुसरीच: टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही, छातीवर-पाठीवर कायम ओल, आणि कपाळावर, छातीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या येतात. खाज हा शब्द ऐकला की आम्ही कान टवकारतो. मुरूम सहसा खाजत नाही. खाजणाऱ्या, एका मापाच्या, काळे ठिपके नसलेल्या पुळ्या बुरशीच्या असू शकतात. त्यांना मॅलासेझिया फॉलिक्युलायटिस म्हणतात. त्यावर ॲन्टिबायोटिक दिलं तर त्या वाढतात. इथं काउंटरवरून काही न देता परत डॉक्टरांकडं पाठवायचं.

दुसरा ते सहावा आठवडा. कातडी कोरडी, बारीक कोंडा सुटलेला, थोडी लाली, आणि काहींना आधीपेक्षा जास्त पुळ्या. “लावलं, पण जळजळायलंय की हो, आणि आणखीन यायलेत,” हे वाक्य या आठवड्यांत ठरलेलं. आत दडलेली बुचं लवकर वर येतात म्हणून असं होतं. सौम्य जळजळ, कोंडा, पहिल्या काही आठवड्यांतली वाढ, एवढं चालतं: एक-दोन रात्री थांबा, मॉइश्चरायझर वाढवा, परत रात्र सोडून चालू करा. सूज, फोड, पाणी सुटणं, डोळ्यांभोवती सूज हे चालत नाही. थांबवून डॉक्टरांकडं जा. या दोहोंतला फरक आधी सांगितलेला माणूस टिकतो, न सांगितलेला चौथ्या आठवड्यात ट्यूब कपाटात टाकतो.

मोबाइलवर पहिल्या दिवशी एक फोटो काढून ठेवायचा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला, आणि मग दर चार आठवड्यांनी एक. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतो. खर्च शून्य.

सकाळच्या जेलमध्ये बहुतेक वेळा बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, 2.5 किंवा 5 टक्के. हे जंतू मारतं, आणि जंतू त्याला सरावत नाहीत. 10 टक्क्यांचं मागून घेण्यात अर्थ नाही. पुळ्या कमी करण्यात 2.5 टक्क्यांचं जवळपास तेवढंच काम करतं आणि जळजळ कमी होते. ज्यांना तेही सोसत नाही त्यांना डॉक्टर पाच-दहा मिनिटं लावून धुऊन टाकायला सांगतात. ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकाच वेळी एकावर एक लावायचं नाही, पहिल्याची ताकद जाते. म्हणून एक सकाळी, एक रात्री. ॲडापलीनला ती अडचण नाही, दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात.

आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग उडवतं. रंगीत टॉवेल, अभ्रा, शर्टाची कॉलर, ओढणी, सगळ्यावर फिके डाग, आणि ते कशानंच जात नाहीत. वडगाव-शहापूरच्या मागावरची साडी नेसून लग्नाला जायच्या दिवशी हे जेल लावू नये. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा बाजूला काढून ठेवा.

क्लिंडामायसिन या ॲन्टिबायोटिकचं 1 टक्क्याचं जेल खूप चालतं, कारण ते जळत नाही. पण ते एकटंच महिनोन् महिने लावलं की जंतू त्याला सरावतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनं असावं आणि ठरावीक काळापुरतं. चिठ्ठी न दाखवता तेच जेल तिसऱ्यांदा मागणाऱ्याला आम्ही विचारतो, दुसरं कुठं गेलं?

गोळ्यांची ओळ असेल तर बहुतेक डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम, हीही ॲन्टिबायोटिकच. ती इथं सुजेसाठीही असते, नुसत्या जंतूसाठी नाही. साधारण तीन महिन्यांच्या पुढं न्यायची नाही. पुरा पेलाभर पाण्यासोबत, जेवणानंतर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री घोटभर पाण्यात गिळून झोपलं की गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि सकाळी छातीत असं दुखतं की माणूस हृदयाच्या डॉक्टरकडं जातो. लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं यांच्यासोबत घ्यायची नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं. उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून निपाणीकडं तंबाखूच्या रानात किंवा ऊसतोडीला दिवसभर असणाऱ्यानं हे डॉक्टरांना आधी सांगावं. गरोदर बाईला आणि आठ वर्षांच्या आतल्या मुलाला ही गोळी द्यायची नाही. गोळी थांबली की रात्रीचं जेल थांबवायचं नाही. लोक दोन्ही एकदम थांबवतात, आणि सहा आठवड्यांत पुळ्या परत.

तिच्याऐवजी ॲझिथ्रोमायसिनची गोळी असेल तर तिचं वेळापत्रक ‘आठवड्यातले तीन दिवस’ असं काहीतरी असतं. दिवस चुकतात. कॅलेंडरवर खुणा करा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी लागते, आणि गर्दीच्या काउंटरवर ती विचारणं अवघड जातं. पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, हनुवटीवर-जबड्यावर खोल पुळ्या असतील, ओठावर किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसचा, म्हणजे बीजकोशांच्या नि संप्रेरकांच्या बिघाडाचा विचार करून तपासण्या व्हायला हव्यात. तिथं नुसतं जेल पुरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या किंवा ॲन्ड्रोजनचा जोर कमी करणारं स्पिरोनोलॅक्टोन डॉक्टर ठरवतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन-चार पुळ्या येणं मात्र नेहमीचं आहे.

“लग्न झालं की जातील,” असं घरची मोठी माणसं अजूनही सांगतात. लग्नानं मुरुमं जात नाहीत. उलट लग्नानंतर मूल हवं असेल तर रेटिनॉइडचं जेल आणि डॉक्सीसायक्लिन दोन्ही बाजूला ठेवावी लागतात, आणि डॉक्टर ॲझेलेइक ॲसिडसारख्या, गरोदरपणात चालणाऱ्या औषधाकडं वळतात. आणि लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना रेटिनॉइड नव्यानं सुरू करायचं नाही. हळदीच्या दिवशी तोंड सोललेलं असेल. निदान तीन महिने हाताशी ठेवा. पार्लरमध्ये वॅक्सिंग किंवा ब्लीच करायचं असेल तर त्याआधी पाच-सात दिवस जेल बंद. जेल चालू असताना वरच्या ओठावर वॅक्स ओढलं की कातडीही सोबत येते.

गाठी, खड्डे, किंवा दोन-तीन वेळा नीट उपचार करूनही परत येणारी मुरुमं असली की आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल येतात. हे एकच औषध तेल, बूच, जंतू, सूज या चारही गोष्टींवर काम करतं. हिशेब किलोवर असतो. नेहमीचं एकूण माप दर किलोला 120 ते 150 मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला 120 नं धरलं तर एकूण 6000 मिलिग्रॅम; रोज 20 चालू असेल तर 300 दिवस. म्हणून डॉक्टर आठ-दहा महिने सांगतात तेव्हा ते उगाच लांबवत नसतात. कमी मापानंही देतात, ते त्यांचं ठरवणं. कॅप्सूल तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर निम्मीच लागू पडल्यासारखं होतं. ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात. पेट्रोलियम जेली खिशात ठेवा, दिवसातून आठ वेळा लावा. नाकातून थोडं रक्त, डोळे कोरडे, अंगदुखी होऊ शकते. आधी आणि मधे रक्ततपासणी: यकृत आणि चरबी. सोबत डॉक्सीसायक्लिन चालत नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या नकोत. रक्तदान चालू असताना आणि नंतर एक महिना नाही. वॅक्सिंग चालू असताना आणि थांबल्यावर काही महिने नाही. मन उदास वाटू लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

गर्भाला या औषधानं गंभीर व्यंग येतं. बाईला सुरू करण्याआधी गर्भचाचणी, आणि सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून थांबल्यानंतर एक महिन्यापर्यंत पक्कं गर्भनिरोधन. एकाच्या उरलेल्या कॅप्सूल बहिणीला देणं हा प्रकार घरोघरी होतो. या औषधाच्या बाबतीत तो होता कामा नये. चिठ्ठीशिवाय आम्ही ते देत नाही आणि त्यावरून होणारी भांडणं आम्हाला मान्य आहेत.

पुळ्या थांबल्या तरी डाग राहतात, आणि बहुतेकांची खरी तक्रार तीच असते. आपल्या सावळ्या कातडीत सूज जिथं आली तिथं काळा डाग पडतो. तो सपाट असेल तर तो व्रण नाही, काही महिन्यांत फिका होतो, सनस्क्रीन लावलं तर लवकर. एसपीएफ 30 किंवा जास्त, जेल प्रकारचं, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन पट्ट्या चेहऱ्याला आणि मानेला. गाडीवर रुमाल बांधून फिरणाऱ्यांनीही लावावं, आणि रुमाल रोज धुवावा. घामट रुमाल आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासून तिथंच पुळ्या आणतात. खड्डा असेल तर कुठलंही जेल तो भरत नाही. अरुंद खोल टोचल्यासारखे खड्डे, उभ्या कडांचे रुंद खड्डे, आणि लाटेसारखे उतरते खड्डे, यांना वेगवेगळे उपाय: आम्लाचा ठिपका, सुईनं खालून सोडवणं, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेसर. हे सगळं मुरुमं शांत झाल्यावर. फोडणारं बोट आधी थांबलं तर यातलं बरंच टळतं. गाठ दाबली की पू आत फुटतो, खाली पसरतो.

रंगपंचमीला किंवा गणपतीच्या मिरवणुकीत गुलालात जायचं असेल तर आदल्या दोन रात्री जेल बंद, चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा जाड थर, आणि परत आल्यावर नुसत्या पाण्यानं रंग सोडवायचा. घासला की चार दिवस आग होते.

बाराव्या आठवड्यात पहिल्या दिवसाचा फोटो काढून बघितला की बहुतेकांना फरक कळतो. काही फरकच नसेल तर डॉक्टर औषध बदलतात. आणि आधी आम्ही ट्यूब मागवून बघतो, किती उरलीय ते. चेहरा साफ झाला की गोळ्या आणि सकाळचं जेल थांबू शकतं, पण रात्रीचं जेल डॉक्टर बहुधा आठवड्यातून दोन-तीन रात्री, कितीतरी महिने चालू ठेवतात, कारण तेल आणि बूच यांची सवय काही गेलेली नसते. ट्रेटिनॉइनची ट्यूब खिडकीत ठेवायची नाही, उजेडानं औषध मरतं; कपाटात, झाकण घट्ट. संपत आलेली ट्यूब कात्रीनं कापून उघडी ठेवली तर आतलं उरलेलं औषध हवेनंही जातं. मागच्या टोकापासून गुंडाळत आणावी, तेवढीच दोन रात्रींची भर पडते.